जुन्या फियाटच्या टायरला पांढरा पट्टा : कमी खर्चात, घरच्या घरी

डिलाईट६८ (मूळ लेख):

फियाट, अँबॅसेडर, हेराल्ड जपणाऱ्या बऱ्याच मंडळींच्या मनात टायरला पांढरा पट्टा करायचं असतं. पट्ट्यासकट बनलेले टायर या मापांत आपल्याकडे सहसा मिळत नाहीत. बाहेरून मागवायचे तर टायर, भाडं, कस्टम मिळून आकडा असा होतो की त्यात इंजिनाचं बरंच काम निघावं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा येतो, रविवारी सकाळी पट्टा मारला जातो आणि सणवार यायच्या आत त्याचे पोपडे निघतात. हे टाळता येतं, तेही फार पैसे न घालता. माझ्या १९६८च्या फियाट ११०० डिलाईटवरचा पट्टा अख्खा पावसाळा काढून शाबूत आहे, म्हणून पद्धत सविस्तर लिहितोय. जाणकारांनी भर घालावी.

ऑइल पेंट का उडतो, हे आधी. डिलाईटच्या ५.२०-१४ टायरचा घेर साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला सव्वापाचशेच्या आसपास फेरे. प्रत्येक फेऱ्यात साईडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूचा, तोच भाग रस्त्याजवळ आला की दबून फुगतो आणि वर गेला की पुन्हा जागेवर येतो. पुण्याहून मुंबई गाठेपर्यंत हे पाऊण लाखाहून जास्त वेळा होतं. ऑइल पेंट वाळला की कडक होतो. दाराखिडक्यांना तो कडकपणा हवाच असतो, रबरावर मात्र त्याला भेगा पडणारच. दुसरं म्हणजे टायरच्या अंगात मेण आणि तेलं असतात, ती हळूहळू वर येत राहतात. त्यावर मारलेला रंग नुसता टेकलेला असतो, धरलेला नसतो.

म्हणून माझा सगळा भर सफाईवर आहे. रंगाला तासभर पुरतो, सफाईला दिवस द्या.

चाक गाडीवरच ठेवायचं, आणि पुढचं. फियाटचं इंजिन मागची चाकं फिरवतं, त्यामुळे पुढचं चाक उचललं की ते हाताने मोकळं फिरतं. ब्रेकचे शू घासत असतील तर तेवढ्यापुरते सैल करून घ्या, काम झाल्यावर पूर्ववत करायला विसरू नका. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली घोडी लावा, मागच्या चाकांना दगड लावा. मागचे टायरही एकेक करून पुढच्याच हबवर चढवून रंगवायचे. हवा रोज असते तेवढीच भरलेली हवी. हवा कमी असताना मारलेला रंग नंतर हवा भरली की ताणला जातो.

भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन साईडवॉल दोनतीनदा घासून काढा. तारेचा ब्रश नको. ज्यांनी पूर्वी टायर पॉलिश मारलंय त्यांना जास्त घासावं लागेल, कारण त्यातलं सिलिकॉन रबराच्या बारीक चिरांत बसलेलं असतं. वाळल्यावर सुती चिंधी थिनरमध्ये ओली करून पुसा. पुसायचं, भिजवायचं नाही. चिंधी दर थोड्या वेळाने बदला, नाहीतर निघालेलं मेण तुम्ही पुन्हा तिथेच पसरवता. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर हाताने, त्यावर १२०चा, फक्त पट्ट्याच्या जागेत. चकाकी जाऊन सगळीकडे सारखा मळका करडा रंग दिसला की थांबा. पुन्हा एकदा थिनरची चिंधी. झालं की नाही ते पाहायला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून ओढून बघा. टेप सहज सुटून हातात आली तर सिलिकॉन अजून आहे, परत साबणापासून सुरुवात.

आखणी सोपी आहे. विटेवर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर पांढरी पेन्सिल घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा, गोल आपोआप येतो. रिमच्या कडेपासून सेंटिमीटरभर सोडून आतली रेघ, तिथून ४५ मिलिमीटरवर बाहेरची. बाहेरची रेघ टायरच्या फुगवट्याच्या आत राहिली पाहिजे. गाडी फूटपाथला घासली तर आधी फुगवटा घासतो, पट्टा वाचतो. मास्किंग टेप रुंद घेतली तर गोलावर चुण्या पडतात. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात पाव इंच रुंदीची, वळणारी टेप मिळते. ती रेघेवर, तिच्या बाहेर नेहमीची टेप आणि वर्तमानपत्र. रिमवर रंग जाऊ नये म्हणून रिम आणि टायरच्या फटीत जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या कापून खोचा. पातळ असतात, वळतात, पुसून दुसऱ्या चाकालाही चालतात.

रंग मी पीयू (पॉलीयुरेथेन) पांढरा घेतला, हार्डनरचा, आणि त्यात रंग लवचिक ठेवणारा फ्लेक्स एजंट. प्लास्टिकच्या बंपरला रंग मारताना पेंटर घालतात तोच. खाली प्लास्टिकला लावतात तो पारदर्शक प्रायमर, एकच पातळ हात. दुकानदार सुटं मोजून देतात, त्यामुळे मोठा डबा घ्यावा लागत नाही. मऊ केसांच्या इंचभर रुंदीच्या ब्रशने तीन पातळ हात. पहिल्या हातात टायर काळाच दिसेल, दिसू द्या. एकाच जाड हातात पांढरं करायच्या नादात सगळं बिघडतं. शेवटचा हात पुरता वाळायच्या आत टेप सावकाश, उलटी दुमडत काढा. मग आठवडाभर गाडी हलवू नका. हार्डनरचा रंग उघड्या हवेत आणि तोंडाला नीट मास्क लावूनच वापरा. स्प्रे करणार असाल तर साधा कापडी मास्क पुरत नाही.

घरी ब्रश, थिनर, चिंध्या असतील तर चार टायरचा खर्च साधारण दोन हजारांच्या आत बसतो.

*

सातारकर_रोहन:

वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे अँबॅसेडर आहे, ५.९०-१५. मापं कशी बदलू?

*

डिलाईट६८:

रोहन, ५.९० टायरची साईडवॉल जास्त उंच आहे. पट्टा ५० मिमी घेतला तरी फुगवट्याच्या आत बसेल. आधी ड्रॉइंग पेपरची रिंग कापून टायरवर चिकटवा आणि दहा पावलं लांब जाऊन बघा. कागदावर जे डोळ्याला खटकतं ते रंगात जास्त खटकतं.

*

मिलेचेंतो:

पद्धत उत्तम लिहिली आहे. रुंदीबद्दल मात्र मला थोडं बोलायचंय, कारण पट्टा चुकीच्या रुंदीचा झाला तर गाडीचं वय चुकतं.

सुरुवातीचे टायर अख्खे फिक्या रंगाचेच असत. कच्चं रबर फिकं, त्यात झिंक ऑक्साईड मिसळलेलं. मिशलँ या टायर कंपनीचा टायरांचा बाहुला, बिबेंडम, १८९८ पासून पांढरा आहे तो म्हणूनच. पुढे १९१०च्या दशकात रबरात कार्बन ब्लॅक घालू लागले. त्याने टायर कितीतरी पटीने टिकाऊ झाला, पण काळा. कार्बन ब्लॅक आधी फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालत, त्यामुळे बाजू पांढऱ्याच राहिल्या. म्हणजे पांढरी बाजू हा आधी काटकसरीचा भाग होता, आणि पूर्ण काळा टायर महाग. तीसच्या दशकात हे उलटलं आणि पांढरी बाजू श्रीमंती समजली जाऊ लागली.

रुंद पट्ट्याचा सुकाळ म्हणजे पन्नासचं दशक, तोही मुख्यतः अमेरिकेत. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमवर पट्टा एकदम इंचभर झाला, आणि १९६२ पर्यंत अमेरिकेतल्या नव्या गाड्यांवर रुंद पट्टा जवळपास दिसेनासा झाला. आपल्या मुंबईशी याचा थेट संबंध आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत होता, तिथे शेव्हर्ले जोडल्या जात. कुर्ल्याला प्रीमियरने १९४७ पासून डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला घेतल्या, फियाट त्यानंतर आल्या. त्या काळातल्या डॉज किंवा प्लिमथला दोन-अडीच इंचांचा पट्टा शोभतो. चोपन्न-पंचावन्नच्या फियाट ११००लाही दीड-दोन इंच चालेल. पण अडुसष्टची डिलाईट ही अरुंद पट्ट्याच्या काळातली गाडी आहे. तिला २५ मिमी द्या, ४५ नको. गाडी लांब आणि खाली बसलेली दिसेल.

*

डिलाईट६८:

मिलेचेंतो, तुमचा मुद्दा काळाच्या दृष्टीने बरोबर आहे आणि तुम्ही तो छान मांडला. ४५ घेण्यामागे एक व्यवहार आहे. हाताने मारलेल्या रंगाची कड कुठेतरी अर्धा-एक मिलिमीटर हलतेच. पंचेचाळीसच्या पट्ट्यात ते कळत नाही, पंचवीसच्या पट्ट्यात चाक फिरताना पट्टा डुलतो. ज्याचा हात बसलाय त्याने जरूर २५ करावा. पहिल्यांदा करणाऱ्याला मी ४० ते ५०च सांगेन.

*

मिलेचेंतो:

डुलण्याचा मुद्दा पटला. मग माझी सूचना अशी की पुढच्या वेळी ३५ करून पाहा. काळाच्या जवळ जाईल आणि कडही झाकली जाईल.

*

रबर_केमिस्ट:

मी टायरच्या कारखान्यात रबराच्या मिश्रणांवर काम करून निवृत्त झालो. पट्टा पिवळा-तपकिरी का होतो याचं उत्तर इथे नोंदवून ठेवतो, कारण भेगांपेक्षा लोकांना याचा जास्त त्रास होतो आणि सगळे दोष रंगाला देतात.

हवेतला ओझोन रबर चिरतो. त्यापासून वाचवायला काळ्या रबरात ६पीपीडी नावाचं रसायन आणि मेण घालतात. ही दोन्ही मुद्दाम अशी निवडलेली असतात की ती आतून पृष्ठभागाकडे सरकत राहावीत. वरचा थर झिजला की खालून नवा येतो. उन्हात उभ्या असलेल्या टायरवर जी तपकिरी झाक येते ती हीच. काळ्या टायरवर ती कुणाला दिसत नाही. पांढऱ्या रंगाच्या खाली ती आली की रंगातून झिरपते आणि पट्टा चहाचा डाग पडल्यागत दिसतो.

कारखान्यातून पांढऱ्या पट्ट्याचे टायर येतात त्यांत हा प्रश्न सोडवलेला असतो. पट्ट्याचं रबर वेगळं, त्यात कार्बन ब्लॅकऐवजी टायटॅनियम डायऑक्साईड, आणि डाग न पाडणारी रसायनं. शिवाय काळं आणि पांढरं रबर यांच्यामध्ये एक अडवणारा थर घालतात. तो टायर साच्यातून निघतो तेव्हा पांढऱ्यावर काळ्या रबराची पातळ साय असते, ती घासून काढली की पट्टा उघडा होतो. घरी काळ्या टायरवर मारलेल्या पट्ट्याला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे तो वर्षा-दोन वर्षांत पिवळट होणार हे धरून चला आणि रंगाला नावं ठेवू नका.

लांबवण्याचे दोन उपाय आहेत. नव्या टायरपेक्षा वर्षभर वापरलेला टायर रंगवा, कारण नव्या टायरवर साच्यातला सुटवण्याचा लेपही असतो आणि आतून येणारा माल भरपूर असतो. आणि रंगाखालचा प्रायमर टाळू नका. डिलाईट६८ यांनी सांगितलेला प्लास्टिकचा प्रायमर चिकटण्यासाठी चांगला आहे, डाग अडवण्यात तो फारसा कामाचा नाही. त्यावर पीयूचाच करडा प्रायमर, फ्लेक्स एजंट घालून, एक हात द्या. करडा का, तर पांढऱ्याखाली काळं झाकायला रंगाचा एक हात कमी लागतो.

थिनरने पुसल्यामुळे टायर कमजोर होतो का, असं लोक विचारतात. चिंधीने पुसून वरचा थर जातो, तो चालत्या गाडीत परत येतो. थिनरमध्ये चिंधी भिजवून टायरवर ठेवून मात्र देऊ नका.

*

सई_ठाणे:

काका, हे फार उपयोगी आहे. माझ्याकडे लॅम्ब्रेटा आहे, ३.५०-१०चे टायर. स्कूटरला हेच चालेल का? साईडवॉल इतकी लहान आहे की ठोकळ्यावर पेन्सिल ठेवायला जागाच नाही.

*

पेठेतला_रंगारी:

ताई, स्कूटरचं काम उलट सोपं. रिम दोन भागांची असते, त्यामुळे टायर बाहेर काढून टेबलावर आडवा ठेवून रंगवता येतो. पण एक लक्षात ठेवा, रिमचे नट सोडायच्या आधी हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हची पिनच काढून टाका. हवा असताना ते नट सोडले तर रिमचे दोन भाग उडतात.

आखणीसाठी सुताराकडून पातळ प्लायच्या दोन गोल चकत्या कापून घ्या. एक आतल्या रेघेच्या मापाची, एक बाहेरच्या. चकती मधोमध ठेवायची आणि कडेने पेन्सिल फिरवायची. मी नाना पेठेत गाड्यांचे रंग करतो, आमच्याकडे फियाट आणि अँबॅसेडरच्या मापाच्या चकत्या भिंतीला टांगलेल्याच आहेत.

रंगाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पीयू दिसायला उत्तम, पण ज्याचं बजेट अगदीच कमी त्याने गच्चीवर मारतात तो पांढरा इलॅस्टोमेरिक वॉटरप्रूफिंगचा रंग घ्यावा. पाण्यावरचा असतो, वास नाही, हार्डनर नाही, लहान मुलं घरात असली तर धोका कमी. रबरासारखा ताणतो. घरात गच्चीचं काम झालं असेल तर उरलेल्या डब्यात चारही टायर होतात. दोन तोटे सांगतो. त्याला चकाकी नसते, मॅट दिसतो. आणि वाळला तरी किंचित चिकट राहतो, त्यामुळे धूळ धरतो. सुकल्यावर फ्रेंच चॉक (टाल्कची पूड) चोळलं की चिकटपणा मरतो. पंक्चरवाल्याकडे ट्यूबला लावायचं असतंच.

*

डिलाईट६८:

गच्चीच्या रंगाचं मी ऐकून होतो, फ्रेंच चॉकचं नव्हतो. ही फार कामाची गोष्ट आहे. रबर_केमिस्ट काका, पीयू आणि हा, दोन्हींत तुम्ही कोणता निवडाल?

*

रबर_केमिस्ट:

रोज चालणाऱ्या गाडीला गच्चीचा, कारण तो खरवडून परत मारणं सोपं आहे आणि टायरशी त्याची लवचिकता जास्त जुळते. रॅलीत उभी राहणारी, महिन्यातून एकदा निघणारी गाडी असेल तर पीयू. तिथे चकाकी दिसते आणि वळणाचा ताण कमी येतो. स्विमिंग पूलचा क्लोरिनेटेड रबर पेंट कुणी सुचवेल. नावात रबर असलं तरी वाळल्यावर तो बराच कडक असतो, मी टाळेन.

*

सई_ठाणे:

गच्चीचाच घेते. चकत्या सुताराला सांगितल्या.

*

जर्सीकर_आभा:

मी न्यू जर्सीत असते. नवऱ्याची १९५५ची शेव्हर्ले बेल एअर आहे, त्यामुळे या विषयात आमचं घर बुडालेलं आहे. इथल्या लोकांचे तीन मार्ग सांगते, कारण त्यातला एक तिथेही विकायला येतो.

पहिला, खरा पट्ट्याचा टायर. टेनेसीतल्या चॅटनूगाची कोकर टायर १९५८ पासून आहे, ती जुन्या साच्यांत जुन्या मापांचे टायर काढून देते. दुसरा, नव्या रेडियल टायरवर पांढरं रबर उष्णतेने बसवून देणारे कारखाने. दोन्ही महागच. तिसरा म्हणजे पोर्टावॉल, रबराची पांढरी रिंग. ती टायर आणि रिमच्या मध्ये अडकवतात, टायरची हवा तिला दाबून धरते. तुमच्याकडे ऑनलाइन मिळते ती हीच, व्हाइटवॉल रिंग नावाने.

पोर्टावॉलबद्दल एवढं लक्षात ठेवा. नायलॉन टायरची बाजू ताठ असते, त्यावर ती बरी बसते. रेडियलची बाजू जास्त फुगते-दबते, तिथे रिंग सतत घासत राहते. रिंगच्या खाली वाळू गेली तर ती पॉलिश पेपरचंच काम करते आणि टायरच्या बाजूला गोल खाच पडते. वेग वाढला की बाहेरची कड उचलून फडफडते. रिंग स्वस्त म्हणून घेऊन महागाचा टायर घालवलेले लोक मी पाहिले आहेत. हळू चालणाऱ्या गाडीला लावायचीच असेल तर दर काही महिन्यांनी काढून खालचा टायर बघा.

इथले जे हौशी लोक रंगच मारतात त्यांच्यातही गच्चीचा रबराळ रंग आणि रबरी होडीला लावतात तो रंग हेच दोन चालतात. पेठेतल्या दादांनी जे सांगितलं ते इथल्या अनुभवाशी जुळतं.

*

जुना_फिटर:

सगळं वाचलं. रंगाचं चांगलं चाललंय, टायरचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. जपून ठेवलेल्या गाड्यांचे टायर नक्षीने नवे दिसतात आणि वयाने म्हातारे असतात. टायरवर चार आकडे शोधा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायर दहा वर्षांच्या पुढे गेला असेल तर त्यावर रंगाचा रुपया घालू नका, आधी टायर बदला. सहा वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासा.

रंगवायच्या आधी साईडवॉल अंगठ्याने दाबून, वाकवून बघा. बारीक चिरा दिसतात का, आत धागा दिसतो का. एकदा पांढरा रंग चढला की या चिरा दिसायच्या बंद होतात, आणि मला काळजी त्याचीच वाटते. रंगवलेल्या टायरची आतली बाजू, गाडीखालची, दर सर्व्हिसिंगला टॉर्च मारून बघत जा. तिथे चिरा आल्या तर बाहेरही आल्या असं समजा.

काही जण टायरवरची उठावाची अक्षरं सपाट करायला ग्राइंडर लावतात. अजिबात करू नका. नायलॉन टायरच्या बाजूचं रबर पातळ असतं, खाली लगेच धागे लागतात. अक्षरं आड येत असतील तर टायर उलटा चढवा, बऱ्याच टायरची एक बाजू कमी अक्षरांची असते. ट्यूबच्या नायलॉन टायरला फिरण्याची दिशा ठरलेली नसेल तर उलटा चालतो. दिशेचा बाण असेल तर उलटवू नका.

आणि मागचं चाक उचलून, इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून ब्रश धरायचा, असं व्हिडिओत दाखवतात. गाडी घोडीवरून घसरली तर थांबवायला कुणी नसतं, आणि एक चाक जमिनीवर, एक हवेत असताना डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत फिरकी वाटणारी गिअरची पेटी) हवेतलं चाक दुप्पट वेगाने फिरवतं. डिलाईट६८ यांनी पुढच्या हबवर हाताने फिरवायला सांगितलंय, तेच करा.

*

सातारकर_रोहन:

फिटर काका, धन्यवाद. माझे टायर आजच बघितले, २०११चे आहेत. म्हणजे आधी टायर.

*

मावळ_विंटेज:

एक प्रश्न. माझी गाडी ५० वर्षांच्या वर गेली आहे आणि मला व्हीए, म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा, नंबर घ्यायचाय. टायरवर पट्टा रंगवला तर गाडी मूळ रूपात नाही असं म्हणून अडवतील का?

*

मिलेचेंतो:

२०२१च्या नियमात मूळ रूप म्हणताना चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा असं म्हटलं आहे. टायरचा रंग त्यात कुठेच येत नाही. नव्या नोंदणीची फी २० हजार आणि पुनर्नोंदणीची ५ हजार आहे, आणि त्या नंबरवर गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही, हे मात्र आधी नीट विचारात घ्या. ज्यांना गाडीने भाजी आणायला जायचंय त्यांना तो नंबर सोयीचा नाही.

*

गुहागरची_अँबी:

आमच्याकडे जांभा दगडाची लाल माती. पावसाळ्यात पट्टा गुलाबी होतो. काय वापरता धुवायला?

*

डिलाईट६८:

माती ओली असतानाच धुवायची, वाळू द्यायची नाही. वाळली की ती रंगाच्या बारीक छिद्रांत बसते. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, त्याने नाही गेलं तर भांड्यांचा साबण. रॉकेल आणि पेट्रोल लावू नका, दोन्ही रबर फुगवतात आणि रंग सुटतो. ब्लीचने पांढरं होतं खरं, पण पुन्हा पुन्हा वापरलं तर रंग खडूसारखा भुरभुरतो. टायरच्या काळ्या भागाला पॉलिश लावायची सवय असेल तर पट्ट्याच्या बाहेर बोटभर जागा सोडून लावा, ते सरकत येऊन कड पिवळी करतं.

*

पेठेतला_रंगारी:

गुहागरला समुद्राची हवा आहे, तिथे गच्चीचा रंगच घ्या. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात मारा. दमट हवेत मारला तर वरून वाळलेला दिसतो आणि आतून ओला राहतो, मग पहिल्याच फेरीत बोटाने सोलला जातो. वरून दुरुस्ती करताना जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही. सुटलेला भाग खरवडा, कड १२०च्या पेपरने सपाट करा, साबणाने धुवा, वाळवा, आणि अख्ख्या गोलावर एक पातळ हात द्या. नुसत्या तुकड्यावर मारलं तर ठिगळ दिसतं.

*

गुहागरची_अँबी:

ऑक्टोबर नक्की. प्लायच्या अँबॅसेडरच्या चकतीचं माप द्याल का?

*

पेठेतला_रंगारी:

माझ्या चकतीचं माप तुमच्या रिमला जुळेलच असं नाही, रिमच्या कडा वेगवेगळ्या असतात. तुमच्या रिमचा बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतचा व्यास मोजा. त्यात दोन सेंटिमीटर मिळवा, ती आतली चकती. त्यात आणखी दहा सेंटिमीटर मिळवले की ५० मिमी पट्ट्याची बाहेरची चकती. मधोमध व्हीलकॅपच्या मापाचं भोक पाडून घ्या, म्हणजे चकती टायरवर सपाट बसेल.